फुटपाथवर गाणाऱ्याला परवाना कोण देतं?

पत्र

ताई, मी पुण्यात राहतो, वय २४. सोमवार ते शुक्रवार नोकरी करतो. शनिवार-रविवारी संध्याकाळी मी आणि माझा मित्र एका गजबजलेल्या रस्त्यावर बागेच्या फाटकाजवळ गातो. माझी गिटार, त्याचा कहोन (बसून वाजवायची लाकडी पेटी), आणि बॅटरीवर चालणारा एक स्पीकर. लोक थांबतात, गिटारच्या केसमध्ये दहा-वीस रुपये टाकतात. क्यूआर कोडही लावलाय. मागच्या आठवड्यात पोलीस आले. "परवाना कुठाय?" म्हणाले आणि स्पीकर चौकीत घेऊन गेले. दोन तासांनी परत दिला, कागद काही नाही. समोरच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तक्रार केली म्हणे. परवाना काढायला ठाण्यात गेलो तर "महापालिकेत जा", महापालिकेत गेलो तर "ठाण्यात जा". नक्की कोणता परवाना लागतो? स्पीकर असा उचलून नेता येतो का? दुसऱ्यांची गाणी गायली तर काही भानगड होते का? आणि बाबा म्हणतात, "इंजिनीअर केलं ते रस्त्यावर भीक मागायला का?" कायद्याने ही खरंच भीक आहे का?

— गिटारवाला, पुणे

उत्तर

गिटारवाल्या,

बाबांच्या प्रश्नाकडे नंतर येते. त्यांचा राग आठवडाभर थांबेल. येत्या शनिवारी पोलीस थांबणार नाहीत.

आधी तुझी शोधाशोध बंद करते. ज्या कागदासाठी तू ठाणं आणि पालिका यांच्यात हेलपाटे घातलेस, त्या नावाचा कागदच नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून वादकांना परवाने मिळतात. स्टेशनात जमिनीवर अर्धवर्तुळं आखलेली असतात, त्यात उभं राहायचं आणि वाजवायचं. आपल्याकडे 'पथवादक परवाना' अशी पाटी लावलेली खिडकी नाही. म्हणजे ठाण्यातला माणूस तुला टोलवत होता हे खरं, पण अगदी खोटंही बोलत नव्हता. त्याच्याकडे तुझ्यासाठी फॉर्मच नव्हता. पालिकेतल्याकडेही नव्हता.

मग पोलिसांनी मागितला तो परवाना कसला? बहुतेक स्पीकरचा. त्यांनी गिटार नेली नाही, कहोन नेला नाही, स्पीकर तेवढा उचलला. यातच अर्धं उत्तर आहे.

माझ्या गॅलरीखालून दर दोन-चार दिवसांनी एक बासरीवाला जातो. खांद्यावर उंच काठी, तिला खोचलेल्या पाच-पन्नास बासऱ्या आणि दुपारी चारच्या सुमाराला जुन्या गाण्याचं तेच ते धृपद. इतक्या वर्षांत त्याच्यावर कोणी खेकसल्याचं मी पाहिलं नाही, आणि आमच्या सोसायटीत खेकसणाऱ्यांची टंचाई नाही. तीच गोष्ट वासुदेवाची. मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या, पहाटे दारात येणार, "दान पावलं" म्हणणार आणि पुढच्या दारी जाणार. दोघांचाही आवाज चालता असतो. खिडकीतल्या माणसाला वैताग येण्याआधीच तो कोपऱ्यावरून वळलेला असतो. तू थांबतोस. थांबलास की घोळका जमतो, घोळका जमला की चालणारे फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरतात, आणि वर दोन तास एकाच खिडकीत एकच आवाज जातो. रस्त्यावरच्या कलेबद्दल आपल्याकडे जे काही कायदे आहेत त्यांना या थांबण्याचंच वावडं आहे.

आता स्पीकर. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये सरळ लिहिलंय की लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक वापरायचा नाही. लहान-मोठा असा फरक त्यात केलेला नाही. लग्नातला भिंतीएवढा डीजे आणि तुझा हातात मावणारा डबा दोघंही 'ध्वनिक्षेपक'च. रात्री १० ते सकाळी ६ तर उघड्यावर वाद्यंसुद्धा बंद, फक्त स्पीकर नव्हे. तेव्हा "अनप्लग्ड आहे, चालतं" हे रात्री दहानंतर विसर. हॉस्पिटल, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्राचा नियम आणखी कडक आहे. तिथे संगीत वाजवणं, ढोल पिटणं, इतकंच काय, गर्दी जमेल असा कुठलाही खेळ करून दाखवणंही दंडपात्र आहे. असं क्षेत्र साधारण १०० मीटरचं असतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ते सरकारने अधिसूचित केलेलं असावं लागतं, पण त्या वादात तू पडू नकोस. तुझ्या फाटकापासून शंभर मीटरवर दवाखाना असेल तर सरळ जागा बदल.

आवाज किती चालतो? निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५. सार्वजनिक जागी परवानगीने स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल तेवढ्याच्या आत हवा. म्हणजे निवासी भागात ६५.

आता तू इंजिनीअर आहेस, म्हणून थोडं गणित. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, दहापट झालं की २० ने. तुझा स्पीकर एक मीटरवर ८५ देत असेल, तर दहा मीटरवर ६५ होतो. मधल्या रुंदीचा रस्ता आणि दुसरा मजला म्हणजे साधारण तेवढंच अंतर. शिवाय दोन्ही बाजूंना इमारती असल्या की आवाज भिंतींवर आपटत राहतो, हिशेबाएवढा उतरत नाही. आणि कहोनचा तो खालचा 'धब्ब' खिडकी बंद करूनही आत शिरतो. आजोबांना त्रास झाला असेल तो तुझ्या गळ्याचा नसेल, मित्राच्या पेटीचा असेल.

तू म्हणशील, रस्त्यावरचे हॉर्न? मी एकदा संध्याकाळी सहाला गॅलरीत मोबाइलवरचं डेसिबलचं ॲप लावून बसले होते. आकडा सत्तरच्या खाली यायला तयार नव्हता, आणि खाली कोणीही गात नव्हतं. ही ॲप अंदाजापुरतीच, पण तुझं म्हणणं मला मान्य आहे. मात्र हॉर्नचं नाव नसतं, चेहरा नसतो, आणि तो दोन तास एकाच जागी उभा राहत नाही. तक्रार करायला माणूस लागतो, तो तू उभा असतोस.

"मग गणपतीत चालतं ते?" हाही प्रश्न तुझ्या ओठावर आलाच असेल. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकारला रात्री बारापर्यंत सवलत देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती तरतूद कायम ठेवली. पण त्या रात्रींनाही डेसिबलची मर्यादा असतेच. ठाणे शहरातल्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं की ध्वनिक्षेपक लावणं हा कोणाचा मूलभूत हक्क नाही. प्रत्यक्षात काय होतं ते तू आणि मी दोघंही पुण्यात राहतो, त्यामुळे सांगायला नको. जे चालतं ते कायदेशीर असतंच असं नाही, एवढं धर. मंडळामागे नगरसेवक असतो, तुझ्यामागे कहोनवाला मित्र आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला तुला आवडणार नाही: एक महिना स्पीकरशिवाय गा. मित्राला कहोनऐवजी खंजिरी किंवा डफली घेऊ दे. ऐकायला लोक जवळ येतील, वीसऐवजी आठ जण थांबतील, आणि तुझ्यामागची सगळ्यात मोठी कटकट मिटेल. सगळ्या कटकटी मात्र मिटणार नाहीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३३ पोलिसांना लोकांच्या करमणुकीच्या खेळांबद्दल आणि रस्त्यावरच्या वाद्यांबद्दल नियम करण्याचा अधिकार देतं. कलम ३६ खाली रस्त्यावरच्या गाण्या-वाजवण्याबाबत जागेवर सूचना देता येतात, आणि पोलिसांची वाजवी सूचना पाळणं कलम ६८ प्रमाणे तुझ्यावर बंधनकारक आहे. पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक आजूबाजूच्यांना होणारा उपद्रव पाहून लेखी हुकमाने गाणं-वाजवणं थांबवूही शकतात, ते कलम ३८. त्यामुळे "मी विनास्पीकर आहे, तुम्ही मला हलवू शकत नाही" अशी हुज्जत घालू नकोस. हलवू शकतात. मुकाट्याने गुंडाळ आणि दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन जा.

रस्ता अडवल्याचं वेगळं. त्याच अधिनियमाच्या कलम १०२ मध्ये रस्त्यात अडथळा करणं येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २८५ आहे, त्यात सार्वजनिक वाटेत अडथळा केल्यास ५००० रुपयांपर्यंत दंड. सार्वजनिक उपद्रवाला कलम २९२, दंड हजारापर्यंत. घोळका तू जमवलास की आपोआप जमला हे बघायला कोणी बसत नाही. तुझ्यापुढे भिंतीपर्यंत चालायला जागा हवी. दोन माणसं आणि एक बाबागाडी आरामात जाईल एवढी तरी ठेव. लोक पसरायला लागले की मधेच गाणं थांबवून त्यांना कडेला बोलाव. चांगला डोंबारीसुद्धा खेळ मांडण्याआधी पोरांना मागे सारून रिंगण आखतो, ते उगीच नाही.

आता अर्ज. ठाण्यात जाऊन "परवाना पाहिजे" म्हणू नकोस, म्हणजे तुला परत पालिकेत पाठवणार नाहीत. कागद लिहूनच ने. वर 'प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक', आणि विषयात असं लिही: 'दि. अमुक ते दि. अमुक दर शनिवार-रविवार सायंकाळी ५.३० ते ७.३० या वेळेत गायन-वादन करणे व लहान ध्वनिक्षेपक वापरणेकामी परवानगी मिळणेबाबत.' हे 'मिळणेबाबत' विसरू नकोस, सरकारी डोळ्याला त्याशिवाय अर्ज अर्ज वाटत नाही. खाली चारच ओळी: जागेची खूण, माणसं दोन, वाद्यं कोणती, स्पीकर किती वॉटचा. तिकीट नाही, मंडप नाही, वीजजोड नाही, रहदारीला जागा मोकळी ठेवू, सूचना मिळताच थांबू. सोबत दोघांच्या आधारच्या झेरॉक्स आणि हाताने काढलेला जागेचा नकाशा. नकाशा काढच. तीन रेषांत फुटपाथ, फाटक आणि तुमची जागा दिसली की समोरच्याला पन्नास प्रश्न कमी पडतात.

हा अर्ज ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवून येऊ नकोस. बहुतेक ठाण्यांत कार्यक्रमांच्या परवानग्यांचं काम गोपनीय शाखेचे अंमलदार पाहतात. नावावर जाऊ नकोस, त्यात गुप्त काही नसतं. त्यांना भेट. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. वाहतूक शाखेची ना हरकत आणा म्हणाले तर आण. फुटपाथ पालिकेचा असतो, म्हणून हाच अर्ज क्षेत्रीय कार्यालयालाही दे. बागेच्या आत गायचं असेल तर उद्यान विभागाला. नाहीतर पोलिसांनी सोडलं आणि अतिक्रमणवाल्यांच्या गाडीने स्टँड उचलून नेला, असं व्हायचं.

ध्वनिक्षेपक परवाना ही गृह विभागाच्या लोकसेवा हक्काखालच्या सेवांपैकी एक आहे. २०१५ च्या त्या कायद्याने मुदतीत उत्तर द्यायचं बंधन आहे, आणि नाही दिलं तर अपील करता येतं. 'आपले सरकार'वरूनही अर्ज जातो. पण तुझ्यासारखं प्रकरण पोर्टलच्या कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही, म्हणून समक्ष जा म्हणते. नाही म्हणाले तर भांडू नकोस, कारणासह लेखी नकार माग. अनेकदा लेखी नकार देण्यापेक्षा "एक तास करा, पण लवकर आटपा" हे त्यांना सोपं वाटतं.

परवानगी हातात आली की ती रस्त्यावरच्या माणसाला माहीत असायला हवी. बंगळुरूचं उदाहरण घे. ९ फेब्रुवारी २०२५ ला चर्च स्ट्रीटवर एड शीरन, म्हणजे जगभर स्टेडियम भरवणारा गायक, फुटपाथवर गिटार घेऊन उभा राहिला. एक पोलीस आला आणि त्याने माइकची वायर काढली. शीरन म्हणाला, आमच्याकडे परवानगी होती. पोलीस म्हणाले, मागितली होती, गर्दी होईल म्हणून नाकारली होती. खरं काय ते दोघांना ठाऊक, पण वायर उपसणाऱ्याने तुमचं नाव कधी ऐकलंय की नाही याने फरक पडत नाही, एवढं त्यातून कळतं. म्हणून दर शनिवारी सुरू करण्याआधी चौकीत डोकावून "सर, आजपण आहोत, साडेसातला उठतो" एवढं सांग. आणि साडेसातला खरंच उठ.

स्पीकर नेला त्याबद्दल. संशयित गुन्ह्यातली वस्तू पोलीस ताब्यात घेऊ शकतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६. पण घेतली तर तिची नोंद हवी, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायला हवं, आणि नव्या संहितेत जप्तीचं चित्रीकरणही सांगितलंय. तुझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. 'नेला, दोन तास ठेवला, परत दिला' ही कायद्यातली कुठलीच पायरी नाही, दटावणी आहे. यावर तक्रार करता येते का? येते. करावीस का? मला विचारशील तर नको. वस्तू धड परत मिळाली आहे, आणि तुला त्याच चौकीत पुढच्या शनिवारी डोकवायचंय. पुन्हा नेला तर मात्र नम्रपणे "साहेब, पंचनामा किंवा पावती मिळेल का?" एवढंच विचार. आवाज न चढवता विचार, मोबाइल समोर न धरता विचार. कागद मिळाला तर न्यायालयात अर्ज करून स्पीकर सुटतो. कागद नसेल तर वस्तू होती हेच सिद्ध करत बसावं लागतं, म्हणून स्पीकरचं बिल आणि त्यावरच्या क्रमांकाचा फोटो आत्ताच काढून ठेव.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, धार्मिक स्थळांच्या भोंग्यांच्या प्रकरणात का होईना, पोलिसांना क्रम सांगितलाय: आधी समज, मग दंड, मग जप्ती. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्यासाठी जास्त महत्त्वाची. तक्रारदाराची ओळख उघड करायची नाही. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं नाव तुझ्यापर्यंत यायलाच नको होतं. आलंय, तर जाब विचारायला जाऊ नकोस. आणि मोठ्या शिक्षेची भीती कोणी घातली तर त्यात थोडं तथ्य आहे. ध्वनीचे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतात. पूर्वी तिथे पाच वर्षांपर्यंत कैद होती. ती जन विश्वास कायद्याने काढली आणि एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाखांपर्यंत आर्थिक दंड ठेवला. तुझ्या डब्यासाठी कोणी तिथवर जाणार नाही, पण 'काय होतंय' म्हणून हसण्यावारीही नेऊ नकोस.

आजोबांकडे मात्र जा. तक्रारीचा विषय काढू नकोस. "आम्ही खाली गातो, तुम्हाला आवाज येत असेल, कोणती वेळ नको?" एवढंच. त्या इमारतीतल्या बाकीच्या घरांतही विचार, म्हणजे एकट्या त्यांच्या दारात गेल्यासारखं होणार नाही. कोणाकडे दहावीचं पोर असेल, कोणी आजारी असेल. आमच्या खाली एकदा एक मुलगा सॅक्सोफोन घेऊन यायला लागला होता. मी चिडून जिना उतरले होते. हो, मीही. त्याला म्हटलं, माझ्या सासूबाई नेमक्या सहा ते सात डुलकी काढतात. तो म्हणाला, मग सातनंतर येतो. पुढे सहा महिने आला आणि सासूबाई सातला खुर्ची ओढून गॅलरीत बसायला लागल्या. त्यातलं एक जुनं गाणं तो नेहमी चुकवायचा, त्यावर त्या रोज हळहळायच्या. आणि एकाच जागी चारही शनिवार उभा राहू नकोस. दोन-तीन जागा ठरव, आलटून पालटून जा. थोडा बासरीवाला हो.

गाण्यांचं थोडक्यात. सिनेमातलं गाणं लोकांसमोर गायचं तर कायद्याने शब्द आणि चाल यांच्या हक्कदाराची परवानगी लागते. हे काम आपल्याकडे प्रामुख्याने आयपीआरएस ही संस्था पाहते. पैसे न देणाऱ्या श्रोत्यांपुढे हौशी मंडळाने केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे, पण तुझी गिटारची केस पैशांसाठी उघडी असते, त्यामुळे त्या सुटीत तू नक्की बसतोस असं मी म्हणणार नाही. फुटपाथवर या कारणासाठी कोणी येऊन उभं राहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मॉलने किंवा हॉटेलने बोलावलं तर "लायसन्स तुमचं ना?" हे आधी विचारून घे. तयार ट्रॅक लावून त्यावर गाऊ नकोस. त्यात ध्वनिमुद्रणाचा आणखी एक हक्क आड येतो, आणि खरं सांगू, रस्त्यावर ट्रॅक वाईटच वाटतो. अभंग गायचा असेल तर तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण आपल्या कानात बसलेली चाल अनेकदा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते, आणि तिचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. स्वतःची चाल लाव. स्वतःची गाणी असतील तर हा परिच्छेद तुला लागूच नाही.

आणि आता बाबा.

मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा आहे आणि महाराष्ट्रात तो आजही लागू आहे. त्यातली भीक मागण्याची व्याख्या तू वाच, बाबांना आत्ताच दाखवू नकोस. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा स्वीकारणं, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करण्याच्या किंवा काही विकण्याच्या निमित्ताने असो, ते सगळं त्यात येतं. 'गाणं' हा शब्द तिथे चक्क छापलेला आहे. वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि पहिल्यांदा सापडल्यावरही एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात पाठवायची तरतूद आहे. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातल्या भीक मागणं गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात त्या तशाच आहेत.

म्हणजे अक्षरशः वाचलं तर तुझी गिटारची उघडी केस या व्याख्येच्या फार जवळ येते. वकील म्हणून मी उलट बाजूने बोलेन: तू भिक्षा मागत नाहीस, कला सादर करतोस, ऐकणारा खुशीने मोबदला देतो, तुझं पोट त्यावर नाही. हा युक्तिवाद मला पटतो. शिवाय कायद्याने किंवा ठरवून दिलेल्या रीतीने परवानगी असलेल्या कारणासाठी घेतलेले पैसे या व्याख्येतून वगळलेले आहेत. अर्ज कर म्हणून मी तुझ्या मागे लागलेय त्यातलं हेही एक कारण. तोवर केस उघडी ठेव, पण तोंडाने मागू नकोस, टोपी फिरवू नकोस, थांबलेल्यांच्या अंगावर जाऊ नकोस. क्यूआरच्या पाटीवर 'मदत करा' असं लिहिलं असशील तर ते आधी पूस. दोघांची नावं आणि 'गाणं आवडलं तर' एवढं पुरे. हे पैसे उत्पन्नात धरायचे असतात, तेही लक्षात ठेव. आणि नोकरीच्या करारात बाहेरच्या कमाईबद्दल काही कलम आहे का ते एकदा पाहा.

पण खरं सांगते, तुला या कायद्याखाली कोणी नेणार नाही. तुझ्या पायात बरे बूट आहेत, तू साहेबांशी नीट बोलतोस, तुझं घर कोथरूडला नाहीतर कर्वेनगरला आहे. हा कायदा वापरला जातो तो पुलाखाली झोपणाऱ्यावर, पोतराजावर, हार्मोनियम गळ्यात अडकवून लोकलच्या डब्यात गाणाऱ्या अंध बाईवर. ती तुझ्याहून सुरात गात असली तरी कायद्याच्या लेखी तिचं गाणं 'निमित्त' आणि तुझं 'सादरीकरण'. बाबा म्हणाले त्यात त्यांना टोचलं ते तू गातोस हे नव्हे. तू कोणाच्या रांगेत उभा दिसतोस, ते टोचलं. यावर माझ्याकडे कलम नाही. त्यांना एका शनिवारी सहा वाजता फाटकाशी घेऊन ये, पण तू गात असताना नको. मित्र गात असेल तेव्हा, गर्दीत मागे उभं राहून ऐकू दे.

रस्त्याशिवाय जागा आहेत, त्याही बघ. पुण्यात महापालिका लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात पादचारी दिन करते, त्या दिवशी तिथे गाड्या नसतात. मुंबईत काळा घोडा महोत्सव दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला होतो. मुंबईच्या उपनगरी स्टेशनांवर नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने रीतसर परवानगीने कलाकार गायला बसवले होते. आपल्याकडे परवानगीने हे होऊ शकतं याचा तो चांगला दाखला आहे, आणि अर्जाला जोडायलाही बरा. मात्र रेल्वेच्या हद्दीत स्वतःच्या मनाने जाऊ नकोस. तिथे रेल्वेचा स्वतंत्र कायदा आणि आरपीएफ आहे. भजनी मंडळं डब्यात गातात ती त्यांच्या वर्षानुवर्षांच्या गाडीत, त्यांच्याच प्रवाशांत. ती सवलत तुला मिळणार नाही.

एक शेवटचं. परवानगीचा मूळ कागद घरी ठेव, केसमध्ये झेरॉक्स. आणि ती नोटांच्या खाली नको, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटव, म्हणजे पोलिसाला वाकावं लागणार नाही.